एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं

नवा प्रिंटर आला आणि सगळ्या ऑफिसच्या डोक्याला ताप झाला. सकाळी शहाण्यासारखा छापायचा, जेवणाच्या सुट्टीत मात्र मुका व्हायचा. कोणी त्याला थोपटलं, कोणी शिव्या घातल्या. शेवटी साहेबांनी नेटवर्कवाल्याला बोलावलं.

माणूस तिरसट, पण कामाला चोख. लॅपटॉपवर जरा वेळ खाटखूट करून तो म्हणाला, "एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडं! प्रिंटरला दिलेला नेटवर्कचा पत्ता आधीच त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा आहे. तो कॉम्प्युटर लावला की प्रिंटर कुणाला सापडत नाही. कोण लावतं तो?"

हिशेबनीस बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. तो कॉम्प्युटर ताईंचा. ताई जाऊन वर्ष होत आलं. दोघी कितीतरी वर्षं समोरासमोर बसल्या, भांडल्या, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवली. आता सुट्टीत आसपासची टेबलं रिकामी झाली की बाई तो कॉम्प्युटर लावत. पासवर्ड ताईंबरोबरच गेलेला, त्यामुळे तो उघडायचा नाही. पडद्यावर नुसतं ताईंचं नाव यायचं. बाई त्याच्यासमोर बसून जेवत. वेडेपणाच होता, त्यांनाही कळत होतं.

"मी लावते," त्या म्हणाल्या.

"ते धूड अजून आहे?" साहेब वैतागले. "टाका भंगारात!"

बाईंचे डोळे भरून आले. नेटवर्कवाल्याने कोपऱ्यात जाऊन कॉम्प्युटर लावून पाहिला. त्याची तार उपटली असती तरी भागलं असतं. त्याने हात घातलाही, पण बाईंकडे नजर गेली आणि हात मागे घेतला.

"साहेब, जुन्या भाडेकरूला कशाला उठवायचं? प्रिंटर नवा आहे, त्याला कुठंही करमेल."

"मला छापल्याशी मतलब," साहेब म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

प्रिंटरला नवा पत्ता मिळाला. मग नेटवर्कवाला एकेका टेबलावर जाऊन प्रत्येक कॉम्प्युटरला तो शिकवत बसला. तोंडाने कुरकुर चालूच होती. बाईंचं टेबल शेवटी आलं. चाचणीचं पान छापून निघालं, तेव्हाही समोरच्या पडद्यावर ताईंचं नाव होतं.

"कोण होत्या या?" त्याने विचारलं.

वर्षभरात बाईंना हे कोणीच विचारलं नव्हतं. ऑफिसात सगळ्यांनाच ताई ठाऊक, विचारणार कोण? बाईंनी त्याच्यापुढे खुर्ची ओढली.

"बसा," त्या म्हणाल्या. "घाई नाही ना तुम्हाला?"