तिसऱ्या मजल्यावरचा रेझिस्टर

वसतिगृहाच्या फायर अलार्मची तपासणी अकरा वाजता होती. पास झाली तर दाखल्यावर सुनेची पहिली सही होणार होती. नापास झाली तर तिचा परवाना आणखी सहा महिने लटकणार होता. वायरिंग तिने आणि सासऱ्यांनी मिळून केलं होतं.

साडेदहाला तिने पॅनेलचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हा रेझिस्टर इथे का?"

"मग काय खिशात ठेवू?"

"तिसऱ्या मजल्यावर, शेवटच्या भोंग्यात हवा. पॅनेल तारेतून त्याला हाक मारतं. ओ आली की समजायचं, तार शाबूत आहे. तुम्ही तो पॅनेलच्याच पोटात बसवलात. आता ते स्वतःच विचारतंय 'ठीक ना?' आणि स्वतःच सांगतंय 'ठीक.'"

"हिरवा दिवा लागलाय ना? तीस वर्षं असाच लावतोय. एकाची तक्रार नाही."

"आग लागली नाही म्हणून."

खरं कारण सासऱ्यांच्या गुडघ्यांत होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती.

सुनेने रेझिस्टर काढला, धावत तिसरा मजला गाठला आणि शेवटच्या भोंग्यात तो घट्ट आवळला. खाली पॅनेल पीं पीं करू लागलं. पिवळा दिवा लागला.

"घ्या!" सासरे जिन्यातून ओरडले. "माझ्या हाताखाली कसं गुणी होतं! तू हात लावलास आणि रडायला लागलं."

"रडतंय म्हणजे कुठेतरी दुखतंय. दुसऱ्या मजल्यावरचा भोंगा कुणी जोडला?"

ती एक मजला खाली उतरली. तिने तो भोंगा उघडला. पुढे जाणारी तार आत नीट गुंडाळून ठेवलेली होती, कशालाही न जोडता.

"बाबा!"

"अगं, मध्येच जेवायला गेलो. परत आलो तर हिरवा दिवा. मला वाटलं, तू जोडलीस."

तिने तार जोडली आणि अकराला पाच मिनिटं असताना पॅनेल गप्प झालं.

तपासनीस आला तो थेट तिसऱ्या मजल्यावर चढला आणि त्याने शेवटच्या भोंग्याची तार उपटली. खाली पॅनेलने लगेच बोंब ठोकली. त्याने तार परत जोडून अलार्म दिला. सगळे भोंगे एकदम कोकलले.

"सही कोण करतंय?" कानातला कापूस काढत त्याने विचारलं.

सासऱ्यांनी पेन सुनेकडे सरकवलं. तपासनीस गेल्यावर ते बोटांवर काहीतरी मोजत बसले.

"सूनबाई, मी रेझिस्टर असाच पॅनेलमध्ये लावलेल्या सतरा इमारती आहेत."

"लिफ्ट किती ठिकाणी?"

"चार."

"त्या तुमच्या," शिडी खांद्यावर घेत ती म्हणाली.