वॉर्डातला सर्वांत आनंदी माणूस

गाडी चालवण्याच्या परीक्षा घेण्यात काकांचा उभा जन्म गेला. उमेदवाराच्या शेजारी बसायचं, समोर बघत राहायचं आणि गाडी थांबली की एकच शब्द बोलायचा, "नापास." पोटच्या मुलालाही त्यांनी सोडलं नव्हतं. गावात त्यांचं नावच नापासकाका पडलं होतं. त्यांचे दात आजवर फक्त दातांच्या डॉक्टरने पाहिले असावेत, असं घरचे म्हणत.

असा माणूस पक्षाघाताच्या झटक्यानंतर हसायला लागला.

उजवा हात आणि पाय ढिला पडला होता, शब्द एकेक करून बाहेर येत होते. पुन्हा चालायला-बोलायला शिकवण्यासाठी त्यांना पुनर्वसनाच्या वॉर्डात आणलं. तिथे नर्स म्हणाली, "काका, संडास रिकामा नाही, जरा दम धरा," आणि काका खो खो हसले. जेवण गार आलं, हसले. शेजारच्या कॉटवरच्या वकीलसाहेबांचा भाऊ वारल्याचा निरोप आला, तेव्हा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"वहिनी, मी बरा झालो की तुमच्या मिस्टरांवर दावा लावणार," वकीलसाहेब काकूंना म्हणाले.

मुलगा मात्र हरखून गेला होता. "बाबांचा स्वभावच पालटला! झटक्याने हात नेला, पण हसू दिलं." तो रोज संध्याकाळी येऊन एक विनोद सांगायचा. विनोद संपायच्या आतच बाबा हसायचे. आपल्याला विनोद इतके छान सांगता येतात, हे त्याला या वयात कळत होतं.

काकू उशी नीट करत, तोंड पुसत आणि नवऱ्याकडे बघत राहत.

साठीपुढच्या प्रत्येक पेशंटचं मनही तपासायचं, असा वॉर्डाचा नियम होता. झटक्यानंतर म्हाताऱ्या माणसांना नैराश्य ग्रासतं, आणि मनच बसलं तर पाय उठत नाहीत. पण हे काम करणाऱ्या मानसतज्ज्ञ बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. म्हणून मोठे डॉक्टर दारातूनच विचारत, "काय काका, मजेत ना?" काका हसत. डॉक्टर 'नैराश्य नाही' असं लिहून पुढच्या दाराशी जात. वकीलसाहेबांनी एकदा "मजेत नाही" असं उत्तर दिलं, तर त्यांना काकांकडे बोट दाखवून अर्धा तास उपदेश मिळाला. पुढे व्हरांड्यातल्या फलकावर काकांचा फोटोही लागला. खाली ओळ होती: 'हसा आणि बरे व्हा.'

काका काही बरे होत नव्हते. व्यायामाला नेलं की कठड्याला धरून उभे राहत आणि हसत. पाऊल काही टाकत नसत. ताट जवळजवळ भरलेलंच परत जायचं. "हसून हसून पोट भरतं त्यांचं," मुलगा म्हणायचा.

मानसतज्ज्ञ बाई रजेवरून परतल्या, त्यांनी फलक पाहिला आणि पहिल्यांदा काकांच्याच खोलीत आल्या. वकीलसाहेब व्यायामाला गेले होते; मुलाला त्यांनी बाहेर बसवलं.

"अहो, मी सांगतो ना त्यांच्या वतीने," तो म्हणाला.

"तुमचं मन मी नंतर तपासते," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. काकू मात्र कोपऱ्यातून हलल्या नाहीत. बाईंनीही त्यांना उठवलं नाही.

"काका, घाई नाही. हो किंवा नाही म्हणा, मान हलवली तरी चालेल. पूर्वी ज्या गोष्टींत मन रमायचं, त्यात आता रमतं का?"

काका हसू लागले. खांदे गदगदले. बाई हसू ओसरेपर्यंत थांबल्या.

"नाही," काका म्हणाले.

"सगळं रिकामं वाटतं?"

पुन्हा तेच हसू. मग, "हो."

"आपण नसतो तर बरं, असंही वाटतं?"

या वेळी हसू फार लांबलं. काकूंनी पदर तोंडाशी धरला.

"कधी... कधी."

"जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं?"

"नाही."

"आणि हे हसू? तुम्हाला गंमत वाटते म्हणून येतं?"

काकांनी जोरात नकारार्थी मान हलवली. बराच वेळ ते शब्द शोधत होते. "ब्रेक," ते म्हणाले. "ब्रेक... फेल."

बाईंनी त्यांचा डावा हात हातात घेतला. "बरोबर. झटक्यात मेंदूतला हसू-रडू आवरणारा भाग दुखावतो. आनंदाचा त्याच्याशी संबंध नाही. त्यावर औषध आहे, आणि या उदासीवरही आहे. मीही रोज बोलायला येईन."

"मला वाटलंच होतं," काकू कोपऱ्यातून म्हणाल्या. "इतकी वर्षं हसले नाहीत, तेव्हा यांच्या मनातलं सगळं कळायचं मला. हसायला लागले आणि परके झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? नवरा हसतो, अशी तक्रार करू?"

बाईंनी त्याच दुपारी मोठ्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांचा चेहरा पडला. "अहो, पुढच्या आठवड्यात विश्वस्त येणार आहेत. तो आपला फलकावरचा पेशंट! औषध नंतर सुरू केलं तर?"

"आजच," बाई म्हणाल्या. "आणि त्यांना एकटं सोडायचं नाही."

विश्वस्त आले तोवर हसू बरंच आटलं होतं. अध्यक्षांनी ठेवणीतला विनोद सांगितला. काकांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मोठे डॉक्टर रुमालाने मान पुसत अध्यक्षांना लगबगीने वकीलसाहेबांकडे घेऊन गेले. वकीलसाहेबांनी हसण्याआधी आपल्या अटी सांगितल्या.

मुलगा बाईंवर उखडला. "चांगले हसत होते बाबा! तुम्ही त्यांना पुन्हा पहिल्यासारखं करून ठेवलंत."

"अजून पहिल्यासारखे नाहीत," बाई म्हणाल्या. "पण होतील."

काही आठवडे गेले. एका सकाळी काकू फळ चिरत होत्या, तेव्हा काका एकाएकी रडू लागले. काकूंनी सुरी खाली ठेवली. हेही ब्रेकचंच असेल का, हे त्यांना कळेना.

"अहो, हे खरं की..."

"खरं," काका म्हणाले. "भीती... वाटायची गं."

"मलाही," काकू म्हणाल्या, आणि दोघं पलंगाच्या कडेला बसून मनसोक्त रडली.

मग काकांनी चिरलेल्या फळाची एक फोड खाल्ली, आंबट आहे म्हणून कुरकुर केली आणि दुसरी मागितली. व्यायामाची वेळ झाली तेव्हा कुणी हाक मारण्याआधीच त्यांनी काकूंपुढे डावा हात केला. "चल," ते म्हणाले. दोघं व्हरांड्यातून निघाली. मध्ये दोनदा थांबली, पण मागे वळली नाहीत.