तिसरा आकडा

आमच्या ऑफिसात एका फाइलीला सगळे अजगर म्हणत. तो अजगर मी पाळलेला होता. लोकांचे कपडे घरून नेऊन, धुऊन, इस्त्री करून परत पोचवणारी आमची कंपनी. उद्या कुणाच्या दारात किती वाजता जायचं हे गाडीवाल्यांना सांगणारं एक अ‍ॅप आहे, आणि त्याचा कोड गेली अकरा वर्षं मी एकटीने लिहिला. त्यातली मुख्य फाइल वाढत वाढत नऊ हजार ओळींची झाली. तिच्यात दुसरं कुणी बोट घालायला गेलं की हात कोपरापर्यंत आत जाई, आणि मग मला फोन येई.

हे मी सगळ्यांना कुरकुरत सांगे. रविवारीसुद्धा सोडत नाहीत हो, धड दोन घास खाऊ देत नाहीत, वगैरे. खरं म्हणजे रविवारी फोन वाजला की मी गॅस बंद करून पळत जात असे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी म्हण आहे. त्यातलं गाढव व्हायला माझी काडीची हरकत नव्हती.

आई गेल्यापासून मी एकटी राहते. सहा वर्षं झाली. लग्न केलं नाही. भाऊ आहे, वहिनी आहे, दोन भाचे आहेत. सगळे चांगले आहेत आणि सगळे लांब आहेत. त्यांचा फोन वाढदिवसाला येतो. त्याचं मला काही वाटत नाही असं मी म्हणते. वाटतं. आई असताना दिवसातून चार वेळा 'जेवलीस का' म्हणून पिच्छा पुरवायची आणि मी खेकसायचे. आता दोन्ही बंद आहे.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मात्र माझा फोन हमखास वाजे. संध्याकाळी सहाला अ‍ॅप उद्याची यादी बनवतं. त्या दिवशी 'उद्या' म्हणजे एक तारीख. पण माझ्या कोडमध्ये आधी दिवस ठरे आणि मग महिना, त्यामुळे यादी पुढच्या महिन्याच्या एक तारखेऐवजी चालू महिन्याच्या, म्हणजे केव्हाच होऊन गेलेल्या एक तारखेला जाऊन बसे. गाडीवाल्यांच्या फोनवर उद्याचं पान कोरं. मग ऑफिसच्या माणसाने तीन आकडे बदलून ते सगळ्या फोनांवर पाठवायचे, की यादी जागेवर. चालू महिन्याचे दिवस, पुढच्या महिन्याचे दिवस आणि मधल्या सुट्ट्या, एवढ्यावरून ते आकडे निघत. अर्ध्या पानात लिहून देता आलं असतं. मी दिलं नाही. "तसं लिहून भागत नाही रे, दर वेळी बघावं लागतं," असं मी सांगत आले.

तो भाग मी आई दवाखान्यात असताना लिहिला होता, मांडीवर लॅपटॉप घेऊन. तेव्हा झाली ती चूक. पुढे तीनच महिन्यांत ती माझ्या लक्षात आली आणि तरी मी ती तशीच ठेवली, त्याला चूक म्हणायची सोय नाही.

फोन करायचा तो दाढी. महिनाअखेरीची पाळी त्याचीच असे. कॉलेजातून आला तेव्हा दाढी होती, पुढे काढली, नाव राहिलं. "ताई, झालं परत," तो म्हणे. "झालं? बरं. चहा झाला का तुझा?" मी विचारी. पहिला आकडा मी लगेच सांगे. दुसरा त्याच्या घरची ख्यालीखुशाली कळल्यावर. तिसरा मात्र हातचा राखून ठेवी. माझ्या गुडघ्याचं, वरच्या मजल्यावरून गळणाऱ्या नळाचं, भाच्याच्या परीक्षेचं सगळं सांगून झालं की मग. दहा मिनिटं, कधी पंधरा. तो कधी घाई करत नसे. महिन्याचा तेवढा एक दिवस मी संध्याकाळचा स्वयंपाक जरा बरा करत असे.

मग कंपनीत नव्या मॅडम आल्या. वयाने माझ्याहून सोळा वर्षांनी लहान, बोलायला गोड, कामाला कडक. त्यांनी कोड तपासणारं एक यंत्र आणलं. मी त्याला तपासनीस म्हणू लागले. ते सगळा कोड वाचतं आणि तक्रारी काढतं: हे फंक्शन, म्हणजे एका कामापुरता कोडचा तुकडा, फार लांब, या ओळी अमुक ठिकाणी जशाच्या तशा डकवलेल्या, या नावावरून काही बोध होत नाही, इथे चूक झाली तर कुणाला कळणारच नाही. माझ्या अजगरावर त्याने दोनशे चौदा तक्रारी काढल्या. दोनशे चौदा! एवढ्या तर सासूसुद्धा काढत नसेल.

"ताई, हे तुम्हीच करू शकता," मॅडम म्हणाल्या. "दोन महिने घ्या. म्हणजे पुढे कुणालाही यात काम करता येईल."

कुणालाही. मी मान डोलावली आणि जागेवर येऊन अजगर उघडला.

पण काम हातात घेतलं की मला वेडंवाकडं करवत नाही. रोज सकाळी यादी उघडायची, एक तक्रार घ्यायची, आधी टेस्ट, म्हणजे उत्तर बरोबर येतं का हे पडताळणारा छोटा कोड, लिहायची, मग तेवढाच तुकडा कापून वेगळ्या फाइलीत न्यायचा, नीट नाव द्यायचं, सगळं पुन्हा चालवून बघायचं. कपडे मोजायचं गणित मी अकरा ठिकाणी डकवलं होतं. दहा ठिकाणी मोज्यांचा जोड एक धरला होता आणि अकराव्या ठिकाणी दोन. म्हणजे एका भागातल्या गिऱ्हाइकांचे मोजे कागदोपत्री कित्येक वर्षं दुप्पट होत होते आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. एका ठिकाणी नुसता १७ होता. त्याच्यापुढे मी दहा मिनिटं डोकं धरून बसले, तेव्हा आठवलं, की तिसरं धुलाई मशीन सतरा किलोच्या वर भरलं की अडायचं. ते मशीन भंगारात जाऊन चार वर्षं झाली होती. माझा कोड अजून त्याची काळजी घेत होता.

अजगराच्या चाळीस छोट्या फाइली झाल्या. मॅडमनी भिंतीवर तक्ता लावला: दोनशे चौदा, एकशे साठ, नव्वद, बारा. पोरं येताजाता शाबासकी देत. फोन मात्र कमी होत गेले. पहिल्यांदा रविवारचे गेले, मग शनिवारचे. एकदा मीच ऑफिसात फोन लावला, "काही अडलंय का रे?" म्हणून. "नाही ताई, आता वाचलं की कळतं!" पलीकडून आनंदाने उत्तर आलं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं कशाला म्हणतात ते मला तेव्हा नीट समजलं.

दुसऱ्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला तक्त्यावर शून्य लागलं. टाळ्या झाल्या. महिनाअखेरीची गाठ आत तशीच होती. तपासनीसाला ती दिसतच नव्हती. फंक्शन आखूड, नावं छान, फक्त त्यांचा क्रम उलटा. आणि उलटा क्रम सांभाळून घेण्यासाठी सुट्ट्यांच्या हिशेबात चार ठिकाणी मीच मुद्दाम एकेक दिवस पुढेमागे केलेला. आजूबाजूचं सगळं मी घासूनपुसून लख्ख केलं आणि तेवढ्याला हात लावला नाही. एवढं तरी माझं असू दे, असं मी मनाशी म्हटलं. अगदी याच शब्दांत.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सहा वाजून सात मिनिटांनी फोन आला.

"ताई, झालं परत. आकडे सांगता का?"

मागून चाकं घरंगळल्यासारखा आवाज आला. "कुठे आहेस?" मी विचारलं.

"बाहेर आहे जरा. सांगता?"

मी पहिला आकडा सांगितला. मग चहाचं विचारलं. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. तारीख दहा दिवसांनी आहे हे मला पाठ होतं. "कशी आहे ती?" म्हटलं. "बरी आहे, ताई," तो म्हणाला. दुसरा आकडा सांगितला. मग तक्त्यावरच्या शून्याचं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं, नळवाला तिसऱ्यांदा येऊन कसा काही न करता गेला ते सांगितलं. तो "हो", "अरेरे", "मग?" म्हणत राहिला. एकदा फोन लांब धरून कुणाशी तरी "आलो, आलो" म्हणाल्यासारखं वाटलं. मी थांबले नाही. तो फोन ठेवला की पुढचा महिनाभर दुसरा नव्हता. नळाचं संपवून मी परीक्षेवर आले आणि मगच तिसरा आकडा दिला.

तीन दिवसांनी दाढी चॉकलेटचा डबा घेऊन ऑफिसात आला. मुलगी झाली होती. सगळे त्याच्याभोवती जमले, मीही. तो रंगात येऊन सांगत होता.

"अहो, मी बाहेर व्हरांड्यात, मांडीवर लॅपटॉप. दोनदा आत बोलावलं मला. ताईंनी शेवटचा आकडा सांगितला, मी तो पाठवला, वळून बघतो तर नर्स म्हणते, आता कशाला येताय, मुलगी झाली! बायको अजून बोलत नाहीये माझ्याशी."

सगळे खो खो हसले. "मग फोन ठेवायचास ना मध्येच," कुणीतरी म्हणालं.

"ताईंना कसं तोडायचं मध्येच?" दाढी म्हणाला. "एकट्या असतात त्या."

तो अगदी सहज बोलून गेला. मग त्याने जीभ चावली. मी चॉकलेटचा कागद सोडवत उभी राहिले. तो कागद काही केल्या सुटेना. सहा वर्षं मी समजत होते, मी आकडे अडवून धरते म्हणून तो बोलतो. आकड्यांसाठी तो थांबत असेलही, पण 'अरेरे' आणि 'मग?' कशासाठी होते, ते मला त्या दिवशी कळलं. माझी दया येत होती त्याला. आणि त्या दयेपायी त्याच्या लेकीचं पहिलं रडणं नळवाल्याच्या गोष्टीत बुडून गेलं.

"पण तक्त्यावर तर शून्य आहे," मॅडम म्हणाल्या. "मग फोन का करावा लागला?"

"राहून गेलं असेल काही," मी म्हटलं. "बघते."

बघायला काय होतं? मला ओळ न् ओळ ठाऊक होती. महिना आधी, दिवस नंतर. सुट्ट्यांच्या हिशेबातले चारही लबाड दिवस काढले. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस, प्रत्येक महिनाअखेरीची टेस्ट लिहिली; एक जरी फसली तरी कोड पुढे जाणार नाही अशी सोय केली. सगळ्याला दीड दिवस लागला. सहा वर्षांत माझ्याकडे दीड दिवस नव्हता!

आमच्याकडे प्रत्येक बदलासोबत एक ओळ लिहायची पद्धत आहे: काय बदललं आणि का. ती ओळ वाचून मॅडम बदल मंजूर करतात. मी लिहिलं, 'महिनाअखेरीची चूक दुरुस्त. ही चूक मला सहा वर्षं माहीत होती. मी ती मुद्दाम ठेवली.' बटण दाबलं. आता बोलावणं येईल, जाब विचारतील, काढतीलही. चार मिनिटांत मंजुरी आली, शेजारी अंगठ्याचं चिन्ह. संध्याकाळी जाताना मॅडम म्हणाल्या, "छान झालं हं, ताई." त्यांनी ती ओळ वाचली होती की नाही, मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

पुढच्या महिन्याचा शेवटचा दिवस आला. मी घरी लवकर आले. फोन चार्ज होता, तरी पुन्हा लावून ठेवला. सहा वाजले. सहा वाजून सात मिनिटं झाली. मी भाजी चिरायला घेतली आणि तशीच सोडली. कधी कधी माणूस कामाशिवायही फोन करतो, असं मला वाटत होतं. का करू नये? सहा वर्षांची ओळख आहे. साडेसहाला मीच लावला.

"काय ताई? काही झालं का?" दाढी घाबरूनच म्हणाला. मागे पोरगी भोकाड पसरून रडत होती.

"नाही रे. तुझ्याकडे काही झालं का?"

"काहीच नाही! सहाला याद्या आल्या, घरूनच बघितल्या, सगळ्या बरोबर. मी आज साडेचारलाच घरी आलो, ताई. पहिल्यांदाच."

"बरं झालं," मी म्हटलं. "चहा झाला का?"

"झाला, झाला." पोरगी आणखी जोरात रडली. तो तिला काहीतरी बोलला, बायको हसल्याचा आवाज आला. मग तो पुन्हा फोनवर आला.

"ठेवू का, ताई?"

सहा वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच विचारलं.

"ठेव," मी म्हटलं. काम अगदी चोख झालं होतं.