रूपाचा प्लगिन आणि तलावाचं पाणी

मित्रांनो, मी हातात धरता येईल अशी वस्तू नाही. संगणकावर कोड लिहायच्या एडिटरला जोडलेला मी एक जुना प्लगिन, म्हणजे छोटासा मदतनीस प्रोग्राम आहे. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याने कोणता रंग घ्यायचा, हे ग्राफिक्स प्रोसेसरला कोड लिहून सांगावं लागतं. तो लिहिताना कुणी चुकलं की मी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो.

मला फुलंब्रीच्या रूपाने घडवलं. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. तिच्या गावात टँकरची वाट बघत हंडे रांगेत उभे असत, आणि शहराबाहेर मात्र इमारतींवर इमारती चढत होत्या. इंद्रजीतसाहेबांच्या ऑफिसात नव्या वसाहतींची चित्रं तयार होत. घर उभं राहण्याआधीच गिऱ्हाइकाला पडद्यावर त्यात हिंडवून आणत. वसाहतीतल्या तलावाच्या लहरत्या पाण्याचा कोड तिथे कामाला असलेली रूपा आणि तिची मैत्रीण मृण्मयी माझ्या मदतीने लिहीत.

"रूपा, तुझ्या या प्लगिनशिवाय माझं पान हलत नाही बघ," मृण्मयी म्हणायची. मला केवढा अभिमान वाटे!

मग एके दिवशी शहागंजातल्या दुसऱ्या ऑफिसच्या चित्रात हुबेहूब तेच पाणी लहरताना दिसलं. साहेब भडकले.

"आपला कोड बाहेर गेलाच कसा? त्या रूपाच्या प्लगिनमध्ये काय काय आहे, कुणी पाहिलंय?"

रूपा रजेवर होती. दुपारी मृण्मयीने मुद्दाम खोटा कोड लिहिला आणि मी तो गुपचूप कुठे पाठवतो का, यावर पाळत ठेवली. मी काहीच पाठवत नव्हतो. तरी तिचा संशय जाईना. मी चूक दाखवली, तर तीही तिला माझी चाल वाटे. शेवटी तिने मला बंदच केलं.

रूपाने परत येऊन मला चालू केलं.

"हा बंद का होता गं?"

"साहेबांना शंका होती."

"आणि तुला?"

मृण्मयीने होकारार्थी मान हलवली.

"त्याची ओळ न् ओळ उघडी हाय. वाचायची होतीस. नायतर मला फोन करायचास. लई लागलं बघ मनाला."

पुढे कळलं, साहेबांनीच पाण्याच्या कोडची फाइल नमुना म्हणून एका बिल्डरला दिली होती आणि त्याच्याकडून ती शहागंजात पोचली होती. "लक्षातच राहिलं नाही," म्हणून ते मोकळे झाले. मृण्मयीने माफी मागितली. रूपा "असू दे" म्हणाली. पण आता चहाला उठतानाही ती आपल्या संगणकाला पासवर्ड लावते. मला वेळोवेळी सुधारणंही तिने सोडलं. त्यामुळे नव्या चुका मला ओळखू येत नाहीत.

मित्रांनो, शंका कुणालाही येते. आली तर समोर बसून विचारा. विचारताना घटकाभर लाज वाटेल. न विचारल्याची लाज मृण्मयीच्या चेहऱ्यावर मी अजून रोज बघतो.