डावीकडची पानं

आमच्या घरात झाडांची चित्रं दोघांनी मिळून काढायची पद्धत होती. मुळं, खोड, फांद्या नवऱ्याच्या आणि पानं माझी. त्याने कधी पान काढलं नाही आणि मी कधी फांदी काढली नाही. यात प्रेमाबिमाचा काही भाग नव्हता. ज्याला जे येतं ते त्याने करावं, एवढंच. तो पाणीखात्यात नळांचे नकाशे काढायचा. मोठा नळ, त्यातून फुटणारे मधले, त्यातून फुटणारे बारके, जन्मभर हेच. मी कपबश्यांच्या कारखान्यात पानं रंगवायचे. कपाच्या कडेने वेल जाते ना, तिचा देठसुद्धा माझा नसायचा, तो शेजारच्या टेबलावरची बाई ओढायची. माझं काम पानाचं, एका फटकाऱ्यात एक पान. दोघंही निवृत्त झाल्यावर नवरा म्हणाला, "आपण दोघं मिळून एक धड चित्रकार होतो. मी अंग काढतो, तू कपडे चढव, शिंपीणबाई."

झाडं मनातली असायची, पण सुरुवात खऱ्यांपासून व्हायची. सकाळी फिरायला गेलो की हा प्रत्येक झाडापाशी थांबणार आणि माझा चहा लांबणार. एकाच्या बुंध्याशी कुणी डांबर ओतलेलं, एकाने आपल्याभोवतीची लोखंडी जाळी गिळून टाकलेली, एकाच्या अंगावर ठोकलेली दुकानाची पाटी सालीत निम्मी गेलेली. हे सगळं बघून यायचं, मग वर्तमानपत्र वाचायचं, कुठे जंगल पेटलं, कुठे तळं बुजवलं, कुठे समुद्र शेतात शिरला. आणि मग मागच्या खोलीत जाऊन असं एक झाड काढायचं, जे जगात नाही पण आता असायला हवं. सतत पूर येतो तिथलं, मुळं थेट खांद्यापासून सोडलेलं. माती धुऊन जाते म्हणून आपली माती पोरासारखी कडेवर घेतलेलं. रस्त्यावरच्या दिव्यांनी झोप उडालेलं एक होतं, त्याला मी पापण्यांची पानं घातली होती, मिटता येणारी. ते झाड आम्हाला दोघांनाही फार आवडायचं.

त्याने खोड काढलं की कागद फळीवर लावायचा आणि मला हाक मारायची. "ये, ओळख. याला काय झालंय?"

काय झालंय हे तो सांगत नसे, ते मी खोडावरून ओळखायचं, आणि ओळखल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही, असा त्याचा दंडक होता. बरोबरच होतं म्हणा. धुराने गुदमरणाऱ्या झाडाला एक पान, खारं पाणी पिणाऱ्याला दुसरं. आजार कळल्याशिवाय कपडे काय शिवणार? चारचौघांत मी त्याला अहोजाहो करायचे, पण त्या खोलीत सरळ अरेतुरे. "अरे, ही काय फांदी आहे की गटार?" असं म्हणायचे. तो खुर्चीत मागे रेलून मजा बघायचा. मी चुकले की चहा मी करायचा, ओळखलं की त्याने. आणि ओळखलं की तो नुसतं "बरोबर" म्हणायचा. बाकी कौतुकाच्या नावाने शून्य.

आता तो नाही. फळीवर त्याचं शेवटचं झाड राहिलं, बिनपानांचं. कारण ते मला ओळखता आलं नाही.

ते त्याने आजारपणात काढलं. झटका आला आणि डावा हात, डावा पाय गेला. उजवा हात शाबूत होता, जीभही शाबूत होती. उलट जास्तच चालत होती. डावीकडे मात्र त्याचं लक्ष जात नसे. ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं. मी ताट फिरवलं की, "अरे, अजून आहे वाटतं," म्हणून संपवायचा. दाढी एकाच गालाची करून आरसा परत द्यायचा. मी हसायचे, तोही हसायचा, का ते न कळता. एका दुपारी म्हणाला, "फळी दे." मांडीवर उशी, उशीवर फळी ठेवून दिली. फार वेळ घेतला त्याने. मग मला हाक मारली.

झाड उजव्याच अंगाचं होतं. खोड मधोमध, उजवीकडे भरगच्च फांद्या, त्याच्या नेहमीच्या, कुठे फुटायचं ते नीट ठाऊक असलेल्या. डावीकडे काहीच नाही. खोडाची डावी कडसुद्धा नीट मिटलेली नव्हती.

"वारा," मी म्हणाले. "एकाच बाजूने सतत मारा."

"नाही."

"तारा. विजेच्या तारांसाठी छाटलंय."

"नाही गं."

"शेजारी उंच इमारत आली. ऊन मिळत नाही."

"कुठल्या कुठे चाललीस," तो म्हणाला. पण खूश होता. त्या कागदाकडे तो इतक्या समाधानाने बघत होता की मला त्याचा हेवा वाटला. "दमलीस? उद्या सांग. वाटतं तेवढं अवघड नाहीये."

दुसऱ्या दिवशीही मी सांगत राहिले. आग, वीज, रस्ता रुंद करणारी यंत्रं. तो नाही नाही म्हणत राहिला. शेवटी शेवटी तर जरा चिडलाच, डोळे फुटलेत का तुझे, म्हणाला. आणि मग दुसरा झटका आला, आणि त्यात तो गेला. जाताना उत्तर घेऊन गेला.

लोक म्हणतात, आठवण येत असेल. आठवणीचं काही नाही, ती येते आणि जाते. मला राग येतो. घर लहान आहे, तरी एका माणसाला ते मोठं पडतं. मागच्या खोलीतून हाक येत नाही, मग मी तिथे जायचं तरी कशाला? आणि जाते. त्याची खुर्ची भिंतीला सरकवून ठेवली होती, ती पुन्हा जागेवर आणली, कारण सरकवलेली खुर्ची जास्त रिकामी दिसते. झाडासमोर उभी राहून मी मोठ्याने अंदाज सांगते. वाळवी? दुष्काळ? कुणी मुळाशी तेजाब ओतलं? काहीही सांगितलं तरी खोलीत सारखीच शांतता. चूक असेल तर चूक म्हण, पण काहीतरी म्हण.

लेक लांब असते, सुट्टीच्या दिवशी फोन करते. ती म्हणाली, "आई, पानं टाकून मोकळी हो ना. बाबा काय बघायला येणार आहेत?"

"तेच तर," मी म्हणाले.

मग मीच विषय बदलला, तिच्या घरातल्या गळक्या नळाचं विचारलं. बापाची आठवण दोघींनाही नळावरून येते, पण ते आम्ही बोललो नाही.

त्याच लेकीने आमच्या झाडांचे फोटो कुणाला तरी पाठवले होते. त्यातून एक प्रदर्शनवाली बाई घरी आली. पर्यावरणावरचं मोठं प्रदर्शन होतं म्हणे. बाई चांगली होती, चपला बाहेर काढून आली, चित्रं हातात घेण्याआधी हात पुसले. एकेका झाडासमोर बसून विचारत होती, याची काय गोष्ट, त्याची काय गोष्ट. कितीतरी दिवसांनी मी इतकी बोलले. घसा दुखायला लागला तरी थांबेना. मग तिने फळीवरचं अर्धं झाड पाहिलं आणि उठून उभीच राहिली.

"हे," ती म्हणाली. "सगळ्यात बोलकं हेच आहे. एका बाजूने तोडलेलं झाड. आपण हे मधोमध लावू, दारातून आत आलं की समोर."

"त्याला पानं नाहीत अजून."

"नकोच ना पानं. असंच उघडं राहू दे."

"बिनपानांचं झाड या घरातून बाहेर जात नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण ती जरा मागे सरकली. मी मऊ सुरात सांगितलं की याला काय झालंय ते मला अजून कळलेलं नाही, कळलं की दोन दिवसांत पानं होतील. ती बिचारी हो म्हणाली. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येते, तोवर बघा, म्हणाली. ती गेल्यावर मी पुन्हा फळीसमोर बसले. आता तर घाईच होती. बाकी सगळी झाडं जाणार आणि त्याच्या हातचं शेवटचं तेवढं घरी बसणार, हे मला नको होतं. आणि अंदाजपंचे पानं टाकून त्याला फसवायचं, तेही नको होतं.

मध्ये एके सकाळी व्यायाम घ्यायला यायची ती मुलगी आली. आजारपणात ती रोज येऊन नवऱ्याचे हात-पाय हलवून द्यायची. तिच्या केंद्राचा वॉकर आमच्याकडेच राहिला होता, तो न्यायला आली होती. वॉकर मागच्या खोलीत होता. तो उचलता उचलता तिने फळीकडे पाहिलं.

"हे काकांनी आजारपणात काढलं ना?"

"तुला कसं कळलं?"

"सगळे असंच काढतात," ती म्हणाली. अगदी साधं, पाणी कुठे आहे विचारावं तसं. "आम्ही मुद्दाम काढायला लावतो. घड्याळ काढा म्हटलं की सगळे आकडे एकाच बाजूला. फूल काढा म्हटलं की अर्ध्याच पाकळ्या. डावी बाजू त्यांच्यासाठी नसतेच ना, काकू. तुम्ही ताट नव्हता का फिरवत?"

"फिरवत होते."

"तसंच हे. त्यांच्या दृष्टीने झाड पूर्ण आहे."

ती वॉकर घेऊन गेली. दार लावायचं भान मला राहिलं नाही. वाऱ्याने ते आपटत राहिलं.

ताट फिरवत होते. दाढीचा दुसरा गाल मीच करून देत होते. दिवसभर त्याच्या डावीकडचं सगळं मीच सांभाळत होते आणि कागद समोर आला तेव्हा मात्र मला ते सुचलंही नाही. कसं सुचणार? दुसऱ्या कुठल्याही घरात अर्धं झाड बघून बायको घाबरली असती, डॉक्टरला फोन केला असता. आमच्या घरात धड झाड कधी निघालंच नव्हतं. मोडकं, भाजलेलं, उपटलेलं झाड हीच आमची रीत. मला वाटलं, नवं कोडं आहे.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. त्याने पूर्ण झाड काढलं होतं. दोन्ही बाजूंना फांद्या असलेलं, सरळ, मधोमध उभं. मुळं साध्या झाडासारखी जमिनीत. खोडावर ना भोक, ना गाठ, ना व्रण. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. स्वतःचं अर्धं अंग गेलेल्या माणसाने बसून एक धडधाकट झाड काढलं होतं, आणि मी त्याच्यासमोर उभी राहून विचारत होते, आग? तारा? यंत्रं? डोळे फुटलेत का, असं तो का म्हणाला ते आता कळलं. त्याला वाटलं असेल, ही इतकी कशी बिघडली की धड झाड दाखवलं तरी हिला दिसत नाही. मी रडले. रडताना मला हसूही येत होतं, आणि दोन्ही ऐकायला कुणी नव्हतं.

दुपारी रंग कालवले. पान कुठलं, याचा विचारच करावा लागला नाही. साधं पान, कपावरचं. हिरवं, टोकदार, एका फटकाऱ्याचं. उजव्या फांद्या भरायला वेळ लागला नाही, हात आपोआप चालत होता. मग डावी बाजू आली. तिथे कोरा कागद होता. पेन्सिल घेऊन फांद्या ओढाव्यात असं एकदा वाटलं, पण माझी फांदी म्हणजे कपाचा कान झाली असती. आणि त्या काढायला कशाला हव्यात? त्याच्या लेखी त्या तिथे होत्या. त्याच्या फांद्या मला पाठ होत्या. पहिली कुठे फुटणार, तिचं कोपर कुठे वाकणार, बारक्या कुठे पांगणार, सगळं. मी त्या फांद्यांवर पानं टाकली. संध्याकाळपर्यंत कागद दोन्ही बाजूंनी भरला. लांबून बघितलं तर डेरेदार झाड. जवळ गेलं की डावीकडची पानं नुसत्या कागदावर.

प्रदर्शनवाली ठरल्याप्रमाणे आली. बाकीची झाडं माणसांनी कागदात गुंडाळून गाडीत नेली, माती कडेवर घेतलेलं, पापण्यांचं, सगळी. मग ती फळीपाशी आली. बराच वेळ बघत राहिली. ती हिरमुसली होती, पण दाखवत नव्हती.

"छान झालंय," ती म्हणाली. "पण आता कळत नाही हो. याला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हणाले. "याला काहीच झालेलं नाही."

"असं होय," ती म्हणाली, आणि हातातल्या कागदाचा उरलेला तुकडा घडी करत राहिली. हे प्रदर्शनात कसं बसवायचं ते बघावं लागेल, असंही काही म्हणाली. राहू दे इथेच, मी म्हणाले. तिला जरा सुटल्यासारखं वाटलं असावं.

गाडी गेली. मागच्या खोलीत भिंती उघड्या झाल्या होत्या आणि फळीवर ते एकटंच झाड होतं. मी खुर्चीकडे बघत उभी होते. इतके दिवस शोधलेलं उत्तर मी भलत्याच माणसाला देऊन बसले होते. म्हणून ते पुन्हा एकदा सांगितलं, नीट, मोठ्याने, ज्याला सांगायचं त्याला. मग थोडा वेळ थांबले. "बरोबर" कुणी म्हणालं नाही, तेव्हा आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.