फलश्रुती नसलेली पोथी

महाडच्या पेठेत पुस्तकांचं दुकान माझं एकट्याचंच, म्हणून लोक मला कुशाबाशेट म्हणतात. ओसाड गावी एरंड बळी, त्यातला प्रकार. दुकानात पाट्या-पेन्सिली, पंचांगं, शाळेची क्रमिक पुस्तकं आणि पोथ्या. पोथीचं गिऱ्हाईक ओळखायला सोपं. ते पुस्तक मागून उघडतं. शेवटच्या पानावर फलश्रुती असते, म्हणजे ही पोथी वाचल्यावर काय मिळणार ते. आजाऱ्याला आराम, निपुत्रिकाला पुत्र, परगावी गेलेलं माणूस परत. ती वाचायची, मान हलवायची आणि मग पोथी पिशवीत टाकायची. मला यात कधी वावगं वाटलं नाही. औषधाच्या बाटलीवरही ते कशावर लागू पडतं हे लिहिलेलं असतंच की.

सयाजी मास्तरला मात्र हे मुळीच खपत नसे. सयाजी माझा शाळेपासूनचा सोबती, पोलादपूरच्या शाळेत मास्तर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी.ने महाडला यायचा आणि माझ्या दुकानात ठाण मांडायचा. त्याने एक कादंबरी लिहिली होती, ‘महाडचा थांबा’. गावाकडचा एक माणूस मुंबईहून एस.टी.त बसतो आणि वाटेत त्याला आपला सगळा जन्म आठवतो, एवढीच गोष्ट. तिचा गठ्ठा माझ्या फळीवर धूळ खात पडला होता आणि लेखक दर शनिवारी नवी धूळ आणून घालत होता, बोलून बोलून.

“कुशाबा, पुस्तक काही द्यायला नसतं रे. ते प्रश्न विचारायला असतं,” असं तो म्हणायचा.

“म्हणजे गिऱ्हाईकानं प्रश्न विकत घ्यायचा? प्रश्न काय घरी कमी आहेत लोकांच्या?”

“तुला साहित्य कळत नाही.”

“मला कळत नाही आणि तुझं विकत नाही. फिट्टंफाट.”

असं आमचं चालायचं. तो चहा पिऊन निघून जायचा आणि मी उगाच दिवसभर त्याच्या बोलण्याचा विचार करत बसायचो. त्याचं खरं असेल तर मी इतकी वर्षं विकलं ते काय, असं वाटायचं आणि डोकं भणभणायचं.

श्रावणाच्या तोंडाशी पोलादपूरपलीकडच्या कापडे गावाच्या वरच्या वाडीतले रावजी दुकानात आले. वाडीत दर श्रावणात पोथी लावायचे ते. संध्याकाळी एक अध्याय वाचायचा, अर्थ सांगायचा, आरती करायची. त्यांची जुनी पोथी वाळवीने खाल्ली होती. माझ्याकडच्या पोथ्या संपलेल्या, आणि मुंबईचं पार्सल पावसात कुठं अडकलं होतं देव जाणे. रावजींनी फळीवर हात फिरवला आणि ‘महाडचा थांबा’ काढला. पहिल्या पानावर वर श्री, खाली ‘आईच्या आणि ग्रामदैवताच्या चरणी’ असं छापलेलं.

“मंगलाचरण ब्येस हाय,” ते म्हणाले. मग सवयीने पुस्तक मागून उघडायला गेले, तर ते उघडेना. पानं जोडलेलीच होती, तशी येतात छापखान्यातून, वाचणाऱ्याने सुरीने कापायची. मी सांगितलं, “रावजीकाका, ही पोथी नाही. गोष्ट आहे, आपल्याच मुलखातली.”

“पोथीत तरी दुसरं काय अस्तं हो?” म्हणाले आणि घेऊन गेले.

मी विसरूनही गेलो. श्रावण सरता सरता रावजी परत आले, पुस्तक धडुत्यात गुंडाळून. मुखपृष्ठावर हळदीकुंकू लागलेलं.

“कुशाबाशेट, शेवटची पानं द्या.”

त्यांनी रोज एक प्रकरण कापून वाचलं होतं. शेवटच्या प्रकरणात तो माणूस महाडच्या थांब्यावर उतरतो. एक गाडी पोलादपूरला, त्याच्या गावाकडे, सुटायच्या बेतात, दुसरी मुंबईला परत. दोन्हींची इंजिनं चालू. तो मध्ये उभा. आणि पुस्तक संपलं. कंडक्टरची घंटाही नाही. फलश्रुती तर नाहीच.

मला वाटलं, बांधणीत शेवटचा फॉर्म, म्हणजे शेवटची सोळा पानं, राहून गेला असेल, होतं असं. मी दुसरी प्रत कापली, तिसरी कापली. सगळीकडे माणूस आपला तिथेच उभा.

“आता समाप्ती कशी करायची?” रावजी म्हणाले. “माझ्या चुलत सुनंनं, चंद्रभागेनं, नेम धरलाय. पोथीची समाप्ती होईतोवर सांजच्याला एकदाच खायाचं, त्ये बी वरीचं तांदूळ. तिचा घरधनी सहदेव दोन वरसं झाली मुंबईस्नं आला नाय. कागद नाय, निरोप नाय. पोरगी सुकून चालली हो. वाचून झालं तरी जेवत नाय. म्हनते, फलश्रुतीबिगर समाप्ती कसली?”

शनिवारी सयाजी आला तसा मी त्याच्यापुढे कापलेली प्रतच आपटली. “शेवट कुठाय याचा?”

“तोच शेवट आहे,” तो हसला. “वाचकानं ठरवायचं.”

मी त्याला चंद्रभागेचं सांगितलं. त्याचं हसू मावळलं. “पण ती पोथी नाही,” तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “पोथी नाही ती, कुशाबा.” मला त्याचा राग आला होता आणि दयाही येत होती. शेवटी तो म्हणाला, चल, मी त्यांना समजावून सांगतो. रावजी ठेवून गेले होते ते पुस्तक त्याच धडुत्यात गुंडाळून आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो.

दुपारी आम्ही वाडीत पोचलो. रावजींच्या पडवीत पाट मांडलेला होता. त्यांनी पुस्तक सोडवून पाटावर ठेवलं, वर तुळशीचं पान ठेवलं. आपल्या पुस्तकावरचं हळदीकुंकू बघून सयाजी जागीच थबकला. रागवावं की नमस्कार करावा हे त्याला कळेना. मलाही कळलं नसतं.

“रावजीकाका, ही कादंबरी आहे,” त्याने घसा साफ केला. “हिला फलश्रुती नसते.”

“आसंल,” रावजी म्हणाले. “पन आमी ती पोथीवानी वाचली. आता ती पोथीच झाली.”

तेवढ्यात चंद्रभागा भाताची बेणणी, तण काढायचं काम, टाकून आली. हातपाय धुऊन उंबऱ्याशी बसली. गालफडं आत गेलेली, पण नजर धीट.

“मास्तर, तो मानूस कंच्या गाडीत बसला?”

“वहिनी, ते आपलं आपण ठरवायचं असतं.”

“मी दोन वरसं ठरवतेच हाय,” ती म्हणाली. “रोज सांजच्याला ठरवते, पोलादपूरच्या गाडीत बसला. येतो का?”

मी सयाजीला कोपर मारलं. “सांग ना पोलादपूरच्या गाडीत बसला म्हणून,” मी कुजबुजलो. “तुझंच पुस्तक, तुझाच माणूस. कोण विचारणार तुला?” त्याने माझं कोपर बाजूला सारलं.

“मला ठाऊक नाही, वहिनी,” तो म्हणाला. “मी पुढं लिहायला बसायचो. कधी तो या गाडीत बसायचा, कधी त्या. दोन्ही खरं वाटायचं. मग दिलं सोडून. लोकांना सांगतो, मुद्दाम सोडलं.”

इतके शनिवार हा मला साहित्य शिकवत होता!

चंद्रभागा जराशी पुढे सरकली. “तुमाला खरंच ठाव नाय?”

“नाही.”

“दडवत नाय ना?”

“देवाशप्पथ नाही.”

तिने त्याचं तोंड नीट न्याहाळलं. मग म्हणाली, “मुंबईवाली गावाला येतात. मी इचारलं की बाजूला बघतात. मला वाटायचं, समद्यांना ठाव हाय, मलाच सांगत नायत. पन ज्यानं मानूस केला त्यालाच ठाव नाय, तर त्यांना कुठनं आसनार?”

तिला रडू येईल असं मला वाटलं. ते आलं नाही. उलट तिने खांदे सैल सोडले. बरं झालं की वाईट झालं, मला काही उमजेना. आशा सुटली म्हणावी की गळ्याचा फास सुटला म्हणावा?

“त्ये समदं खरं,” रावजी म्हणाले, “पन समाप्ती?”

“लिवा, मास्तर,” चंद्रभागा म्हणाली.

सयाजीने खिशातलं पेन काढलं. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं, ‘जी कोणी ही पोथी ऐकेल, ती’, आणि थांबला.

“तिचा धनी घरी येईल, आसं लिवा,” रावजींनी सुचवलं. मीही मान डोलावली. माझ्या सगळ्या पोथ्यांत तेच लिहिलेलं असतं. सयाजीचं पेन काही पुढे सरकेना. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

चंद्रभागा उठून आत गेली. बाहेर आली ती ताट घेऊन. तांदळाची भाकरी, वर वालाचं कालवण. ती आमच्यासमोर मांडी घालून बसली.

“लिवा,” ती म्हणाली. “ती जेवंल.”

सयाजीने तेवढंच लिहिलं. तिने पाटाला हात जोडले, भाकरी मोडली आणि जेवायला लागली. आम्ही तिघे बाप्ये नुसते बघत होतो. भाकरी संपली तशी तिने उठून दुसरी घेतली.