बदामीच्या पाठीवरून उतरलेला नमदा

मित्रांनो, माझ्या अंगाला वास येतो, हे आधीच सांगून टाकतो. मेंढीचा, धुराचा, गाईच्या घामाचा आणि सगळ्याच्या तळाशी, नीट हुंगून पाहिलंत तर, एका घोडीचा. मी नमदा आहे, आता जुनाच म्हणायचा. मला कुणी मागावर विणलं नाही. लोकर काठ्यांनी झोडपून, भिजवून, आवळून, माळावर फरफटत नेऊन मला घडवलं. ज्याचा जन्मच असा मार खाऊन झाला, त्याच्याकडून फार गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

आमच्या मंगोलियाच्या माळावर नमद्यालाही आई असते. जुना, चांगला मुरलेला नमदा जमिनीवर अंथरतात, त्यावर पाणी शिंपडतात आणि मग नवी लोकर पसरतात. खालचा तो जुना नमदा म्हणजे आई. माझी आई करड्या रंगाची होती, कडेला फाटलेली. माझी मालकीण यांजमा, तिच्या सासूने ती केली होती, आणि मला केलं ते यांजमाने. आम्हा मायलेकरांना तिने एका दांड्याभोवती घट्ट गुंडाळलं, वरून ओलं कातडं आवळलं आणि ते भेंडोळं घोडीला जोडून दिलं. दिवस कलेपर्यंत मी आईच्या कुशीत गरगरत होतो.

ती घोडी म्हणजे बदामी. आमच्याकडे घोड्याला नाव देत नाहीत, रंगावरूनच ओळखतात. यांजमाला लग्नात तिच्या आईने जी घोडी दिली होती, तिची ही शेवटची पोर. तेव्हा ती कोवळी होती, मागे काही ओढायची सवय नव्हती. चार पावलं टाकायची आणि वळून बघायची, की हे काय लागलंय आपल्या पाठीमागे.

"अगं, तुझी घोडी थेट तुझ्यावर गेलीय," यांजमाचा नवरा गालसान लगाम धरून म्हणाला. "पुढचं काम सोडून मागे काय चाललंय ते आधी बघणार."

"आणि हाकणारा तुमच्यावर गेलाय," यांजमा म्हणाली. "ओढतेय ती बिचारी, घाम मात्र ह्यांना!"

असं हसत-भांडत माझं बारसं झालं. भेंडोळं सोडल्यावर यांजमाने माझ्यावर दुधाची बोटं शिंपडली आणि रीतीप्रमाणे आशीर्वाद दिला, "वारा तुझ्यापाशी थांबू दे. घरातली ऊब घरात राहू दे." बदामी तिथेच उभी होती. तिने मान खाली घालून मला हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. माझी आणि तिची ओळख ही अशी.

पुढची कितीतरी वर्षं मी त्या गोल घराची उत्तरेकडची भिंत होतो. उत्तरेचा वारा म्हणजे आमच्याकडे कर्दनकाळ. तो माझ्यावर येऊन आदळायचा आणि आत चूल शांतपणे जळत राहायची. पाहुणे आले की मिठाचा चहा पिता पिता मला चाचपून बघायचे. "यांजमा, हात आहे हो तुझा!" म्हणायचे. ती वरवर "कसलं काय" म्हणायची, पण दुसऱ्या दिवशी माझी दोरी उगाचच पुन्हा घट्ट करायची. मीही फुगायचो. स्तुती कुणाला आवडत नाही?

भिंतीत बसून मला एक गोष्ट कळत नसे. हिवाळ्यात मेंढ्यांना दगडी कुंपणाचा आडोसा होता, वासरांना ताट्यांचा, गाईला पाठीवर पांघरूण, माणसांना मी. घोड्यांना मात्र काहीही नाही. थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी अशा थंडीत ती उघड्यावर उभी असायची, खुरांनी बर्फ उकरून खालचं पिवळं गवत खायची. मला वाटे, गालसानसारखा मायाळू माणूस घोड्यांशीच एवढा निष्ठुर कसा?

एकदा तो बाहेरून आला, मिशीवरचा बर्फ झटकत म्हणाला, "बदामीच्या पाठीवर वीतभर बर्फ साचलाय."

"मग झटकायचा नाही का तो?" यांजमा म्हणाली.

"झटकायचा कशाला? वितळला नाही, ह्याचा अर्थ तिची ऊब तिच्या आतच आहे. हिवाळ्यात घोड्याचा केस न् केस उभा राहतो, त्यातच त्याचं घर असतं. आपण हात लावला की मोडतं." 

त्याच वेळी मला समजलं, की जे काम करायला मला एवढा मार खावा लागला, ते बदामीचे केस आपसूक करत होते. थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. गालसानचा आणखी एक कडक नियम होता. हिवाळ्यात दौडून आलेला घोडा तो लगेच मोकळा सोडत नसे. खोगीर तसंच ठेवून, घाम पुरता सुकेपर्यंत तो त्याला बांधून ठेवी. "ओल्या पाठीला वारा लागला की घोडा गेला," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी, आणि लोक "माहीत आहे रे बाबा" म्हणत.

दिवस कुणासाठी थांबत नाहीत. मी धुराने काळवंडलो, कडेला झिजलो. भिंतीला नवा, पांढराशुभ्र नमदा आला. यांजमाने मला सुरीने मधोमध कापलं. अर्धा उंबऱ्यापाशी पायपुसणं झाला आणि लवकरच संपला. उरलेला अर्धा मी, तांबड्या गाईच्या पाठीवर गेलो. हिवाळा लागला की मला तिच्या पोटाखालून दोऱ्यांनी बांधत, आणि वसंतातलं गवत उगवलं की सोडत. कुणी मला चाचपून बघत नव्हतं. शेण मात्र रोज लागायचं. तरी मी कुरकुर केली नाही, कारण तांबडीची पाठ उबदार होती आणि तिला माझी गरज होती.

मग ते वर्ष आलं. उन्हाळ्यात गवत करपलं, घोडे लठ्ठ न होताच थंडीला सामोरे गेले. लवकर बर्फ पडला. त्यावर भलत्याच वेळी उबदार वारा सुटला, बर्फ वितळला आणि रातोरात गोठून सगळा माळ काचेचा झाला. आमच्याकडे ह्याला काचेचा झुद म्हणतात, आणि हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. खाली गवत दिसायचं, पण तोंडाला लागायचं नाही. घोडे उकरून उकरून खुरांच्या कडा रक्ताळून घेत. तांबडी गाय पहिल्या तडाख्यातच गेली. तिच्या अंगावरून मला सोडलं तेव्हा दोऱ्याही लाकडासारख्या झाल्या होत्या.

गालसानने घोड्यांचा कळप दक्षिणेच्या डोंगरांपलीकडे न्यायचं ठरवलं. तिकडे बर्फाची काच पातळ आहे असं कानावर आलं होतं. बदामी म्हातारी झाली होती, पोटात शिंगरू होतं, बरगड्या मोजाव्यात अशी दिसत होती. तिच्याने तेवढी वाट निभली नसती. तिची तीन वर्षांची पोर तेवढी कळपाबरोबर निघाली.

"बदामी तुझ्या हवाली," खोगिराचा पट्टा आवळत गालसान म्हणाला. "वासरांच्या सुक्या गवतातलं थोडं थोडं घाल. मोकळीच राहू दे. आणि हे बघ, अंगावर काही घालू नकोस तिच्या. गाय नाही ती."

"मला काय आजच कळतंय का?"

"कळतंय गं. पण तुझं मन मला माहीत आहे. एक ध्यानात ठेव. एकतर पांघरूण घालायचंच नाही, आणि घातलंच तर गवत हिरवं होईपर्यंत काढायचं नाही. मधलं काही नाही."

"जा हो, उशीर होतोय," असं म्हणून तिने रीतीप्रमाणे त्याच्या वाटेवर दूध शिंपडलं. ते वाटेतच गोठलं.

काही दिवस यांजमाने मन घट्ट केलं. पण बदामी आता बर्फ उकरत नव्हती. दाराशी येऊन, उत्तरेला पाठ करून नुसती उभी राहायची. यांजमा चहा ओतायची आणि तिचं लक्ष दाराकडे जायचं. "आईने दिली होती गं तुझी आई मला," ती घोडीला म्हणायची, "आता मी तिला तोंड काय दाखवू?" तिची आई जाऊन तर किती हिवाळे झाले होते. शेवटी एका सकाळी तिने मला कोपऱ्यातून उचललं, शेण खरवडलं आणि बदामीच्या पाठीवर टाकून पोटाखालून दोऱ्या बांधल्या.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! जिने मला माळभर ओढून नमदा केलं, तिच्याच पाठीवर मी होतो. मी जीव ओतून ऊब दिली. बदामीने मान वळवून मला हुंगलं, ह्या वेळी तोंड वाकडं केलं नाही. ती पुन्हा थोडं खाऊ लागली. पण माझ्याखाली काय होत होतं ते मलाच कळत होतं. तिचे उभे केस माझ्या वजनाने आडवे झाले, एकमेकांना चिकटले, दमट झाले. तिचं घर मोडत होतं आणि त्या जागी मी घर झालो होतो. म्हटलं, असू दे, मी आहे ना.

एक दिवस छान ऊन पडलं आणि शेजारच्या खोऱ्यातला दाम्बा फटफटीवरून आला. मोठा बोलघेवडा माणूस. उतरता उतरताच त्याने विचारलं, "काय वहिनी, हिवाळा सुखात ना?"

"सुखात," यांजमा म्हणाली. आमच्याकडे ह्या प्रश्नाला दुसरं उत्तर देत नाहीत.

चहा पिऊन तो बाहेर आला आणि बदामीला बघून थबकला. "हे काय! घोडीला कोट शिवलात? आता टोपी आणि बूट कधी?"

"थट्टा पुरे. गारठली होती ती."

"माझं काय जातंय! पण गालसानदादा बघेल तर घोडीला घरात घेईल आणि तुम्हाला बाहेर बांधेल. तेच तर सांगायला आलोय, खिंडीपाशी भेटला तो मला. तिकडचंही गवत संपलं. आज दिवस बुडायच्या आत घरी येतोय."

दाम्बा हसत हसत निघून गेला. यांजमा मात्र तिथेच उभी राहिली. गालसानने कधी तिच्यावर हात उगारला नव्हता, फार तर एखादा टोमणा मारला असता. पण घोड्यांच्या माणसाच्या बायकोला घोडा राखता येत नाही, असं शेजारपाजारी म्हणतील, ह्याची तिला लाज वाटली. तिने वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं, ऊन पाठीला लागत होतं. "सुकेल उन्हात," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने माझ्या दोऱ्या सोडल्या.

मला ओरडावंसं वाटलं. नमद्याला आवाज नसतो. मला उचलताच बदामीच्या पाठीतून वाफ निघाली. यांजमाने मला दगडी कुंपणावर वाळत टाकलं आणि हातानेच तिचे केस उभे करायला बघितले. ते पुन्हा आडवे झाले.

दुपार कलली आणि उत्तरेकडचं आभाळ पांढरं झालं. पांढरं वादळ आमच्याकडे तयारीला वेळ देत नाही. यांजमा आधी मेंढ्यांकडे धावली, कारण मेंढ्या गेल्या तर सगळं घरच गेलं. त्या आत घेऊन ती माझ्यापाशी आली, तोवर मी गोठून फळी झालो होतो. तिने मला ओढलं, मी वाकेना. "बदामी! बदामी!" ती ओरडली. पण ओली पाठ घेऊन वाऱ्यापुढे घोडा उभा राहत नाही, वारा नेईल तिकडे चालू लागतो. मी कुंपणावरून तिला जाताना पाहिलं. थोडं अंतर गेल्यावर तिने सवयीप्रमाणे वळून मागे बघितलं, आणि मग काही दिसेनासं झालं.

त्या दिवशी गालसान आलाच नाही. वादळाने त्याला खिंडीतच अडवलं. वारा पडल्यावर तो आला, मागे उरलेले मोजके घोडे होते. बदामी त्याला वाटेतच सापडली होती, खालच्या ओढ्यात. घरात येऊन तो चुलीपाशी बसला. यांजमाने चहा दिला, तो त्याने तसाच खाली ठेवला.

"तिच्या पाठीवर बर्फाचा थर चिकटलाय," तो म्हणाला. "बरोब्बर नमद्याच्या आकाराचा."

यांजमाने पदर नसलेल्या आपल्या अंगरख्याच्या बाहीत तोंड लपवलं. "तुम्ही रागवाल म्हणून काढला हो."

"घातलास त्याबद्दल मी काही बोललो नसतो गं," गालसान म्हणाला. "मी असतो तर कदाचित मीही घातला असता. काढलास कशाला?"

चूल विझत आली, तरी दोघांपैकी कुणी गोवरी सरकवली नाही.

बदामीचं मस्तक गालसानने टेकडीवर नेऊन ठेवलं, चांगल्या घोड्याचं ठेवतात तसं. मला वाटलं, आता मला जाळतील. यांजमाने तसं केलं नाही. तिने मला धुतलं आणि पेटीमागे ठेवलं. त्या दिवसापासून माझ्याकडे बघताना तिचा हात थांबतो.

उन्हाळ्यात लोकर निघाली. माझी आई केव्हाच विरून गेली होती. यांजमाने बायकांना बोलावलं, मला माळावर अंथरलं आणि माझ्यावर पाणी शिंपडलं. मी आई झालो. भेंडोळं ओढायला गालसानने बदामीची पोर आणली. चार पावलं टाकली आणि ती वळून मागे बघू लागली. गालसान काहीतरी थट्टा करेल म्हणून सगळ्या बायका थांबल्या. त्याने नुसती तिची मान थोपटली.

नवा नमदा सोडला तेव्हा यांजमाने दुधाची बोटं शिंपडली. "वारा तुझ्यापाशी थांबू दे," ती म्हणाली आणि अडखळली. मग तिने असं काही म्हटलं, जे आमच्या आशीर्वादात कधीच नव्हतं. "ज्याच्या अंगावर पडशील, त्याच्या अंगावरून हिवाळा सरेपर्यंत उतरू नकोस."

मित्रांनो, माझंही तेवढंच मागणं आहे. कुणाला पांघरूण घालण्याआधी त्याला ते हवं का, हे विचारा. उघड्यावर राहणारा प्रत्येक जण बेघर नसतो. पण एकदा घातलंत, तर लोक काय म्हणतील म्हणून ते अर्ध्यावर काढून घेऊ नका. जिथून ऊब काढून घेता, तिथेच थंडी आधी शिरते.